शिल्लक

एकतीस वर्षं अण्णांनी नोटा मोजल्या,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, कोऱ्या करकरीत,
त्यातली एकही त्यांची नव्हती.
बिघडलेल्या कागदाचाही हिशेब,
जाताना झडती, येताना झडती,
घरी आणायचे फक्त शाईचा वास
आणि अंगठ्याची खोड :
ताटातल्या गोल पोळ्यांनाही कोपरा शोधायचे.

म्हणून डॉक्टर निकुंभबाईंनी
मॉर्फिनची पाकिटं पुढ्यात ठेवून
"नीट सांभाळा" म्हटलं, तेव्हा अण्णा हसले,
पोटातल्या गाठीसकट हसले.
"बाई, आयुष्यभर दुसरं काय केलं?"

पत्र्याचा डबा. कुलूप. चावी माझ्या गळ्यात.
वहीत चार रकाने त्यांनीच आखले, पट्टीनं :
तारीख, वेळ, दिली, उरली.
दुखायची वाट बघायची नाही, बाई म्हणाल्या,
घड्याळ बघायचं.
अण्णा घड्याळ नाही बघायचे.
प्रेसचा भोंगा झाला की आ करायचे,
पाखराच्या पिल्लासारखा.
रात्री जुलाबाचं औषध चमचाभर,
ते विसरलं की दोन दिवस माझ्याशी अबोला.

आत्या चांदवडहून आली, दारातच म्हणाली,
अफू गं ती! मरताना भावाला व्यसनी करणार?
अण्णा तेव्हा भिंतीला टेकून
तीन महिन्यांनी पहिल्यांदा
पाय खाली सोडून चहा पीत होते.
आत्यानं ते पाहिलं. मग साखर पुरेशी आहे का विचारलं.

शेजारच्या खैरनारकाकांच्या मणक्यात गॅप.
एकच दे ना, तुझ्या बापाकडे काय, शंभर असतील.
आतून आवाज आला :
"शंभर नाहीत. एक्क्याऐंशी.
आणि चिठ्ठीवर नाव पगारे आहे."
काका संध्याकाळी क्वार्टर घेतात, अण्णांना माहीत होतं.
दोन्ही एकत्र झाली
तर झोपेत श्वासच विसरायला होतो,
हेही बाईंनी सांगितलं होतं. काकांना ते मी सांगितलं,
जिन्यात, हळू आवाजात.
ते पंधरा दिवस बोलले नाहीत.

आणि ती रात्र. दोन वीस.
अण्णा म्हणाले, दोन दे.
आयुष्यात पहिल्यांदा
मोजल्याशिवाय काही मागितलं त्यांनी.
मी जसिंता सिस्टरला फोन लावला.
चिठ्ठीत जास्तीची लिहिलीय ना, तेवढीच.
वहीत लिही. मग झोपू नकोस, श्वास मोज.
लांब देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता,
खिडकीची काच मधूनच थरथरायची.
बारा. अकरा. बारा.
अण्णांचा अंगठा चादरीवर हलत होता,
मोजणारी मात्र मी होते.

ते गेले तेव्हा शिल्लक तेवीस.

नवव्या रात्री मी डबा उघडला.
शर्टाच्या बटणापेक्षा लहान, पांढरी.
दुखत तर मलाही होतंच.
वहीत लिहून पाहिलं : दिली, एक.
कोणाला, हा रकाना अण्णांनी आखलाच नव्हता.
बराच वेळ तळहात उघडा ठेवून बसले,
गोळीला घाम सुटायला लागला, की मला.
मग ओळ खोडली.
खाडाखोड झाली तर शेजारी सही पाहिजे, प्रेसचा नियम.
केली.

सकाळी बिटकोवरून द्वारकेची शेअर रिक्षा,
मांडीवर डबा, बाजूला कोथिंबिरीचं गाठोडं.
हॉस्पिटलच्या खिडकीतल्या मुलानं
दोनदा मोजल्या, रजिस्टर फिरवलं माझ्याकडे.
"तेवीस. बरोबर आहेत, ताई."
इतक्या साध्या वाक्याला मी रडले,
तो बिचारा पेनाचं टोपण शोधत राहिला.

घरी आले. रिकाम्या डब्याला
कुलूप लावलं, का ते माहीत नाही.
दुपारी भोंगा झाला.
हात गळ्याशी गेला.